‘रेकलेस’ म्हणजे निडर नव्हे: धोका पत्करण्याच्या इंग्रजी शब्दांत होणाऱ्या चुका

भाच्याने नोकरीचा अर्ज नजरेखालून घालायला पाठवला होता. दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं, ‘आय ॲम अ रेकलेस अँड हार्डवर्किंग पर्सन.’ फोन लावला. म्हणाला, “मामा, ‘फिअरलेस’ वर एकदा येऊन गेलं होतं, म्हणून मोबाइलवर दुसरा शब्द शोधला.” मोबाइलने ‘साहसी, बेपर्वा’ असे दोन अर्थ शेजारी शेजारी दाखवले आणि पठ्ठ्याने पहिला उचलला. अर्ज वाचणाऱ्याला मात्र दिसलं असतं: मी बेपर्वा आहे, शिवाय कष्टाळूही.

चूक एकट्या भाच्याची नाही. मराठीत ‘मोठं धाडस केलंस हो’ ही शाबासकी की टोमणा, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. इंग्रजीत बऱ्याचदा हा सूर शब्दातच मुरलेला असतो. कोशात सगळ्यांपुढे ‘साहसी’ लिहिलेलं असलं तरी काही शब्द पाठ थोपटतात, काही कान उपटतात. (गंमत म्हणजे आपलं ‘साहस’ही पूर्वी इतकं सोज्वळ नव्हतं. धर्मशास्त्रात जबरदस्तीच्या गुन्ह्यांना ‘साहस’ म्हणत.)

पावसाळ्यातला एखादा ओढा डोळ्यांपुढे आणा. फरशीपुलावरून पाणी चाललंय. एकाने पाणी किती आहे हे न बघताच घाईघाईत दुचाकी घातली, तो ‘रॅश’. दुसऱ्याला पाणी दिसतंय, ओढही कळतेय, पण ‘काय होतंय’ म्हणून तो निघाला, तो ‘रेकलेस’. तिसऱ्याला काठावरच्या लोकांनी हात धरून अडवलं, तरी मोबाइलवर चित्रण चालू आहे म्हणून तो मर्दुमकी दाखवायला उतरला. तो ‘फूलहार्डी’. आणि त्याला बाहेर काढायला जो कमरेला दोर बांधून पाण्यात शिरला, त्याच्यासाठी ‘ब्रेव्ह’ किंवा ‘करेजस’. पाणी तेच, पण पहिल्या तिघांपैकी एकही विशेषण अर्जात स्वतःला लावण्यासारखं नाही. ‘रॅश’ तर आपल्याकडे थेट कायद्यातच आहे: भरधाव, बेदरकार वाहन चालवण्याचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम 279 आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं 281.

स्पेलिंगचीही एक खोड सांगून ठेवतो. ‘रेकलेस’ची सुरुवात डब्ल्यूने होत नाही. गाडीचा चुराडा या अर्थाचा ‘रेक’ वेगळा. इथला ‘रेक’ म्हणजे पर्वा, काळजी.

‘रिस्क’ वापरताना

मराठीत आपण बेधडक ‘रिस्क घेतली’ म्हणतो आणि तेच इंग्रजीत नेतो: ‘ही टुक रिस्क’. तिथे ‘अ रिस्क’ किंवा ‘रिस्क्स’ हवं. त्याहून जास्त दिसणारी चूक क्रियापदाची. ‘ही रिस्क्ड टू गो’ चालत नाही, ‘ही रिस्क्ड गोइंग’ म्हणायचं.

शिवाय या क्रियापदापुढे तीन प्रकारच्या गोष्टी येतात. पणाला लागलेली वस्तू: ‘रिस्क्ड हिज लाइफ’. ओढवू शकणारं संकट: ‘रिस्क्ड लूझिंग हिज जॉब’. किंवा धोका पत्करून केलेली कृती: ‘रिस्क्ड गोइंग आउट’. पदरात पडू शकणारा फायदा मात्र तिथे बसत नाही. म्हणून ‘ही रिस्क्ड विनिंग’ हे वाक्य ऐकलं की जिंकणं हेच त्याच्यावरचं संकट होतं, असं वाटतं.

‘टेक अ रिस्क’ म्हणजे जाणूनबुजून पत्करणं. ‘रन द रिस्क’मध्ये तेवढा निर्धार असायलाच हवा असं नाही; विमा भरायचा राहिला, तरी माणूस ‘रन्स द रिस्क’. तसंच ‘टेक अ चान्स’ म्हणजे नशिबावर हवाला ठेवून पुढे जाणं, तर ‘टेक द चान्स’ म्हणजे चालून आलेली संधी साधणं. एवढ्याशा ‘अ’ आणि ‘द’ने अर्थ फिरतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ यांची गल्लत करू नये. जमिनीवर सांडलेलं तेल हा ‘हॅझर्ड’. त्यावरून कुणी घसरण्याची शक्यता किती आणि इजा किती होईल, यावरून ठरते ती ‘रिस्क’. तेल एखाद्या बंद, कुणी न जाणाऱ्या खोलीत सांडलं असेल, तर हॅझर्ड तोच, रिस्क नगण्य.

आपण मराठीत रुळवलेले शब्द

‘बोल्ड’ म्हटलं की आपल्याला सिनेमातलं दृश्य आठवतं. इंग्रजीत ‘बोल्ड डिसिजन’ हे कौतुक आहे. पण आयर्लंडात पोहोचलात की सावध. डब्लिनला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला बाई म्हणाल्या, मुलगा आज जरा ‘बोल्ड’ होता. ही खूश! तिकडे लहान मुलाला ‘बोल्ड’ म्हणजे वात्रट.

‘नर्व्ह’ही असाच फसवा. संकटात धीर धरणाऱ्याने ‘केप्ट हिज नर्व्ह’. पण ‘ही हॅज अ नर्व्ह’ म्हणजे काय निर्लज्ज माणूस आहे!

धंद्याबद्दल लिहिताना ‘गॅम्बल’ टाळा, त्याला जुगाराचा वास येतो. ‘व्हेंचर’मध्ये धोका आहे, पण उद्योगही आहे. माणसासाठी ‘एंटरप्रायझिंग’ छान बसतो.

भाच्याने अखेर ‘आय टेक कॅल्क्युलेटेड रिस्क्स’ असं लिहिलं. भाषा चोख. मुलाखतीत त्यांनी विचारलं, “एखादी सांगा.” त्याला एकही आठवेना.