बाळाला सिपर देताना या चुका टाळा

बाळ सिपरची तोटी चावतं, कप आपटतं, पाणी काही पीत नाही. अशा वेळी ‘आमच्या बाळाला सिपर आवडतच नाही’ असं ठरवून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा दोष कपाच्या रचनेत किंवा देण्याच्या पद्धतीत असतो.

न सांडणाऱ्या कपाने सुरुवात करणं

ही सर्वांत मोठी चूक. न सांडणाऱ्या सिपरच्या झाकणाखाली सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि जोरात ओढल्याशिवाय त्यातून थेंबही येत नाही. ज्या बाळाला ते जमत नाही, ते तोटी चावून सोडून देतं. ज्याला जमतं, ते बाटलीसारखंच चोखत राहतं आणि घोट घ्यायला शिकायचं राहूनच जातं. म्हणून पहिले काही आठवडे व्हॉल्व्ह काढून ठेवा. थोडं सांडेल, सांडू द्या. मऊ तोटीचा, दोन हँडलचा हलका कप घ्या आणि त्यात ३० मिली पाणी भरा.

बाळाला ताठ बसवा. तोटी खालच्या ओठावर टेकवा आणि ओठाला पाणी लागेल इतकाच कप तिरका करा. एक घोट गेला की कप सरळ करा. तोंड रिकामं झाल्यावरच दुसरा घोट द्या. ठसका बहुतेकदा लागतो तो कप एकदम उलटा केल्यामुळे किंवा बाळाची मान मागे गेल्यामुळे. हनुवटी किंचित खाली असली की गिळणं सोपं जातं.

वेळ आणि प्रमाण चुकणं

साधारण सहा महिन्यांचं, मान सावरलेलं आणि आधाराने बसणारं बाळ सिपरसाठी तयार असतं. त्याआधी पाणी देऊ नका. पोट पाण्याने भरतं आणि दूध कमी जातं. सहा ते बारा महिन्यांत दिवसभरात १२० ते २४० मिली पाणी पुरे, तेही घासांच्या अधेमधे. खूप भुकेलं किंवा पेंगुळलेलं बाळ नवं काही शिकायच्या मनःस्थितीत नसतं, तेव्हा आग्रह नको.

कपात पाणी, आईचं दूध किंवा फॉर्म्युला चालेल. ज्यूस पहिल्या वर्षात नको, पातळ करूनही नको. गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत देऊ नका.

कप दिवसभर हातात देणं

दूध किंवा गोड पेय सतत थोडंथोडं पीत राहिलं की दातांवर साखर टिकून राहते आणि दात किडतात. रात्री कप घेऊन झोपवणं तर त्याहून वाईट. शिवाय चालता चालता पडलं तर कडक तोटी थेट टाळूला किंवा हिरडीला लागते. पिणं बसूनच व्हावं आणि पिऊन झालं की कप बाजूला ठेवावा.

स्ट्रॉच्या कपात अडलं तर

साधी स्ट्रॉ पाण्यात बुडवा आणि वरचं टोक बोटाने दाबून धरा, म्हणजे आत थोडं पाणी अडून राहील. खालचं टोक बाळाच्या ओठांत द्या. त्याने ओठ मिटले की बोट सोडा. पाणी तोंडात आलं की पुढच्या वेळी बाळ स्वतः ओढून पाहतं.

झाकण उघडताच स्ट्रॉमधून पाणी उसळत असेल, तर आत कोमट पेय भरलेलं असतं किंवा फ्रिजमधला कप बाहेर तापलेला असतो. आतली हवा फुगून पाणी वर ढकलते. देण्याआधी झाकण सैल करून पुन्हा लावा. कप कडेने गळत असेल तर झाकणातली रबरी रिंग काढून नीट बसवा. बहुधा ती पिळलेली असते.

वरवर विसळणं

बुरशी धरते ती व्हॉल्व्हच्या फटीत, रिंगखाली आणि स्ट्रॉच्या आत. रोज सगळे भाग सुटे करा, साबणाच्या कोमट पाण्यात बारीक ब्रशने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. काळे ठिपके दिसले किंवा चावून तुकडा सुटू लागला, तर तो भाग लगेच बदला.

सिपर सुरू असतानाच रोज एकदा उघड्या छोट्या कपातून एक-दोन घोट द्या आणि बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बंद करा. अधूनमधून ठसका लागणं साहजिक आहे. पण जवळजवळ प्रत्येक घोटाला खोकला येत असेल, पिताना श्वास अडत असेल किंवा प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर पाजणं थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.