मधपेट्या वाटताना या चुका टाळा

मुळशी, भोर, मावळ भागात बचत गटांना आणि लहान शेतकऱ्यांना मधपेट्या मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातल्या बऱ्याच पेट्या पुढच्या दिवाळीला पडवीत रिकाम्या पडलेल्या दिसतात. पाहुणे येतात, फोटो निघतात आणि पावसाळ्यात मात्र कुणी फिरकत नाही. मदत करणाऱ्यांनी टाळायच्या चुकांत सगळ्यात मोठी चूक वेळेची आहे.

मे-जूनमध्ये वसाहती देऊ नका

घाटाकडच्या एका गावातला प्रकार सांगण्यासारखा आहे. निधी मार्चमध्ये मंजूर झाला, पेट्या मे अखेरीस आल्या, एका दिवसाचं प्रशिक्षण झालं आणि सातेरी या देशी मधमाशीच्या भरलेल्या वसाहती, म्हणजे राणीसह माश्यांची अख्खी कुटुंबं, महिलांच्या हातात दिल्या. पंधरा दिवसांत पाऊस लागला. संततधारेत माशी बाहेर पडत नाही, पडली तरी फुलात मकरंद राहिलेला नसतो. राणी अंडी घालणं कमी करते, माश्या घटतात आणि सहा-सात चौकटींची (पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमची) वसाहत तीन-चार चौकटींवर येते. उरलेल्या पोळ्यांवर माशी नसते, तिथे मेणकिडा, म्हणजे पोळं पोखरणारी अळी, शिरते. ऑगस्टमध्ये चौकट उचलली तर पोळ्यात पांढऱ्या जाळीची भुयारं आणि तळफळीवर (पेटीच्या तळाच्या फळीवर) काळी बारीक विष्ठा. सातेरी अशा घरात थांबत नाही, पेटी सोडून निघून जाते. गावाने मात्र निष्कर्ष काढला की आपल्याकडे माश्या टिकत नाहीत. त्या महिलांचं काहीही चुकलं नव्हतं. साखर कधी आणि किती द्यायची, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वसाहती द्यायच्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच द्या. तेव्हापासून जांभूळ आणि हिरड्याच्या फुलोऱ्यापर्यंत शिकणाऱ्याला वाढती वसाहत हाताळायला मिळते आणि पहिल्या पावसापर्यंत हात बसतो. पैसे मार्चमध्येच खर्ची पडले पाहिजेत असा आग्रह असेल, तर तेव्हा रिकाम्या पेट्या, स्मोकर (धूर देणारं साधन) आणि जाळीच्या टोप्या घेऊन ठेवा. माश्या नंतर आणा.

पावसाळ्यात माझा क्रम ठरलेला आहे. उघडीप मिळाली की आधी माशी नसलेल्या चौकटी काढून घ्यायच्या आणि आडफळी (आतली जागा कमी करणारी उभी फळी) सरकवून वसाहत आवळायची, म्हणजे उरलेलं प्रत्येक पोळं माश्यांनी झाकलेलं राहतं. तळफळी दर आठवड्याला खरवडायची, तो कचरा जाळायचा. मग साखरपाणी. पाणी उकळून खाली उतरवायचं, तेवढीच साखर विरघळवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. सातेरीच्या एका वसाहतीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखर पुरते. ते दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्यायचं. दुपारी दिलं किंवा बाहेर सांडलं, की जोरकस वसाहत दुबळीला लुटते. साखरपाण्याच्या बशीत काटक्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. गूळ स्वस्त पडतो म्हणून वापरू नका, माश्यांना हगवण लागते.

कच्चा मध काढणं

नवशिक्याला पहिल्या बाटलीची घाई असते आणि देणाऱ्या संस्थेला त्या बाटलीच्या फोटोची. चौकटीतली किमान तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय हात लावू नका. मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर राहिलं की तो आंबतो, बाटलीचं झाकण फुगतं आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं. मधातलं पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर गटात एक असला तरी सगळ्यांचं भागतं. मध फक्त पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या कोठीतला घ्या, तोही मधयंत्रात फिरवून. पिल्लांची चौकट यंत्रात घातली किंवा पोळं पिळलं, तर पुढची पिढी त्या मधातच मरते.

बाकीच्या चुका

एका जागी राहणाऱ्या माणसाला मेलिफेरा ही परदेशी मधमाशी देऊ नका. तिला फुलोऱ्यामागे गाडी भरून हिंडवावं लागतं आणि माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या वरोआ कोळ्यावरही लक्ष ठेवावं लागतं. घाटातल्या लहान पालकाला सातेरीच बरी.

पेटी अंगणातल्या अंगणात पन्नास फूट हलवू नका, माश्या जुन्याच जागी परततात. एका वेळी तीन फुटांच्या आत सरकवा, नाहीतर रात्री दार बंद करून थेट पाच किलोमीटरच्या पलीकडे न्या.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पेटीला टेकलेलं गवत कापा, मुंग्या त्यावरूनच चढतात.

एका दिवसाच्या प्रशिक्षणावर कुणी मधपाळ होत नाही. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. गटातल्या दोघांना तरी तिथे रीतसर शिकायला पाठवा, येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च तुम्ही द्या. त्यासाठी चार पेट्या कमी घेतल्या तरी चालतील. उरलेल्या पैशांतून एका जाणत्या माणसाला जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला प्रत्येक पेटीपाशी जाण्याचा मोबदला द्या.

आणि शेजारच्या शेतकऱ्याशी पेटी ठेवण्याआधीच बोला. कांद्याचं बियाणं किंवा सूर्यफूल फुलावर असताना सकाळी कीटकनाशक फवारलं, तर दुपारपर्यंत पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल तर ती सूर्य मावळल्यावर करायची आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला फोन करायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. निरोप आला की संध्याकाळी माश्या परतल्यावर दाराला जाळी लावा, आत हवा खेळती ठेवा आणि पाणी ठेवा.