सुगरणीचे टेलोमेअर वर्षानुवर्षे मोजायचे तर काटा एकच ठेवा

पलूस-तासगाव पट्ट्यात विहिरींवर झुकलेल्या बाभळींना पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लागतात. आमचं काम याच पक्ष्यांवर चालतं. सांगलीच्या लॅबमध्ये नव्याने येणारी मुलं-मुली पहिल्याच दिवशी विचारतात, टेलोमेअर कोणत्या किटने (तयार रसायनांच्या संचाने) मोजायचे? मला वाटतं किटचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, तो टेलोमेअर. पेशी विभागत जाते तसा तो साधारणपणे झिजतो. पण एकाच पक्ष्यात वर्षभरात होणारी झीज इतकी थोडी असते, की दोन वेगळ्या दिवशी लावलेल्या प्लेटमधला (अनेक नमुने एकदम मोजायच्या खळग्यांच्या ताटलीतला) फरक तिला सहज गिळून टाकतो. उसाची एक खेप एका काट्यावर आणि दुसरी दुसऱ्या काट्यावर घातली, तर कमी-जास्त झालेलं वजन उसाचं की काट्याचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. आपली सगळी मेहनत हा काटा न बदलण्यासाठी आहे.

वनविभागाची लेखी परवानगी आणि प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय जाळं लावू नका. प्रत्येक पक्ष्याच्या पायात नंबराची रिंग हवी. तीच सुगरण पुढच्या हंगामात ओळखता आली नाही, तर बाकीचं सगळं व्यर्थ.

रक्त पंखाखालच्या शिरेतून घ्यायचं. पंख हलकेच उघडा, स्पिरिटच्या बोळ्याने पिसं बाजूला बसवा, निळसर रेघ दिसेल. बारीक सुईने टोचलं की थेंब वर येतो आणि कॅपिलरी (काचेची बारीक नळी) टेकवताच आपोआप भरते. पक्ष्याच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे एवढ्याशा रक्तातही भरपूर डीएनए मिळतो. सस्तन प्राण्यांचं तसं नाही. तिथे डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो, आणि जनावर आजारी असेल तर त्या पेशींचं प्रमाणच बदललेलं असतं. साताऱ्याकडे वटवाघळांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: पहिल्या वर्षी पंखाच्या पडद्याचा तुकडा घेतला असेल, तर शेवटपर्यंत तोच घ्या, मध्येच रक्तावर जाऊ नका.

कॅपिलरीतलं रक्त इथेनॉल (अल्कोहोल) भरलेल्या नळीत सोडायचं. थेंब पडला की नळी लगेच हलवा, नाहीतर गाठ होते. नंबर पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी नळीच्या आत टाका, कारण मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली कॅपिलरी घेऊ नका, ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतं.

आता साठवण. दर वर्षी डीएनए काढून ठेवण्यापेक्षा रक्तच दोन भागांत ठेवा. एक भाग इथल्या डीप फ्रीजरमध्ये आणि दुसरा वेगळ्या गावी, शक्यतो पुराच्या रेषेबाहेर. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला तळमजल्यावर फ्रीजर का ठेवू नये हे सांगावं लागत नाही. लाईट गेली की नमुना वितळतो, आली की पुन्हा गोठतो, आणि दर खेपेला डीएनए थोडा तुटतो. म्हणून जनरेटरची सोय आधी बघा. लाईट किती वेळ गेली होती त्याची वही ठेवा.

सगळ्या वर्षांचं एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे रक्तातून डीएनए काढणं, एकाच पद्धतीने आणि जमलं तर एकाच हंगामात करा. मिठाने काढलेला डीएनए आणि कॉलमने (डीएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या नळीने) काढलेला डीएनए यांच्यातून टेलोमेअरची लांबी वेगवेगळी येऊ शकते. जुना डीएनए आधीच्या माणसाने दुसऱ्या पद्धतीने काढला असेल, तर त्याचा मोह सोडा आणि उरलेल्या रक्तापासून पुन्हा सुरुवात करा.

मोजणीला आम्ही संशोधक कॉथन यांची २००२ ची क्यूपीसीआर (प्रती वाढताना त्या मोजत जाणारा पीसीआर) पद्धत वापरतो: टेलोमेअरचं प्रमाण एका स्थिर जनुकाच्या तुलनेत काढायचं. पक्ष्यांत गुणसूत्राच्या मधल्या भागातही टेलोमेअरसारखे तुकडे असतात आणि ही पद्धत तेही मोजते. म्हणून दोन वेगळ्या पक्ष्यांची तुलना जपून करावी. त्याच पक्ष्याच्या दोन वर्षांच्या तुलनेत ते तुकडे दोन्हीकडे सारखेच येतात, त्यामुळे तिथे अडचण कमी.

माझं ठाम मत आहे, की एका पक्ष्याचे सगळ्या वर्षांचे नमुने एकाच प्लेटवर हवेत. त्यांच्या जागा मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्लेट लावणाऱ्याला वर्ष कळू देऊ नका. पुष्कळ पक्ष्यांचा डीएनए एकत्र करून त्याचे छोटे वाटे गोठवून ठेवा, प्रत्येक प्लेटवर त्यातला एक लावा. हा वाटा प्लेटगणिक सरकत असेल तर तुमचा काटा सरकतोय. प्रत्येक नमुना तीनदा, शिवाय रिकामा कंट्रोल (डीएनए न घातलेला खळगा) आणि एकच डीएनए पातळ करत नेलेली मालिका. तिच्या आलेखाचा उतार −३.३२ च्या आसपास, म्हणजे कार्यक्षमता (दर फेरीला प्रती दुप्पट झाल्या तर १०० टक्के) ९० ते ११० टक्क्यांत बसली पाहिजे. नाही बसली तर प्लेट बाद. रसायनं महाग आहेत म्हणून ती ठेवून घेऊ नका.

काही नमुने एक्स्ट्रॅक्शनपासून पुन्हा करा आणि आयसीसी, म्हणजे त्याच नमुन्याच्या दोन मोजण्या किती जुळतात याचा आकडा, काढून कळवा. टक्केवारीतला सीव्ही (सरासरीच्या तुलनेत मोजण्या किती विखुरल्या ते) टेलोमेअर आणि स्थिर जनुकाच्या या गुणोत्तरासाठी फसवा आहे.

निकालात एखाद्या सुगरणीचे टेलोमेअर वाढलेले दिसतील. लगेच शोध लागला असं समजू नका, कारण मोजणीतल्या चुकीनेही तसंच दिसतं. शिवाय आधी खूप लांब आलेली लांबी दुसऱ्यांदा निव्वळ योगायोगाने कमी येते, म्हणून ‘लांब टेलोमेअर जास्त झिजतात’ हा निष्कर्षही तपासूनच काढा. त्या पक्ष्याची दुसरी नळी बाहेर काढा आणि नवीन एक्स्ट्रॅक्शनवर, वर्ष झाकून, पुन्हा मोजा.