लिंबूटिंबू नव्हे, पक्का गडी: स्वमग्न मुलांसाठी उन्हाळी शिबिर कसे आखावे

आपल्याकडे मुलांच्या खेळात लिंबूटिंबू नावाची एक जुनी सोय आहे. धाकटे भावंड हट्टाने खेळायला आले की त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळते, ओरडते, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना उन्हाळी शिबिरात सामावून घेताना अनेक आयोजक प्रेमापोटी, नकळत, नेमके हेच करतात. मूल रांगेत उभे असते, छायाचित्रात दिसते, पण ते त्या दिवशी आले नसते तरी कोणाचे काही अडले नसते. जिथे आपल्यावाचून कोणाचे अडत नाही, तिथे कोणाशी बोलण्याचीही गरज पडत नाही, आणि गरज पडल्याशिवाय मागणे, देणे, थांबणे, नकार देणे, तडजोड करणे यांपैकी काहीही कोणतेच मूल शिकत नाही. म्हणून उपक्रम निवडताना मी एकच कसोटी लावते: या खेळात या मुलावाचून कोणाचे तरी अडते का?

खालील आराखडा ८ ते १२ वर्षांच्या १० मुलांसाठी आहे. त्यांपैकी ५ मुले स्वमग्न आणि ५ मुले वस्तीतली, सोसायटीतली किंवा त्यांचीच भावंडे असावीत. शिबिर सलग १० दिवस, एकाच जागी, सकाळी ८ ते १० या वेळेत घ्यावे. मे महिन्यात यापेक्षा उशीर करू नये. अनेक स्वमग्न मुलांना तहान लागल्याचे वेळेवर जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. त्यामुळे पाणी आणि कोकम सरबत यांची वेळ कार्यक्रमातच ठरवलेली असावी, "ज्याला हवे त्याने प्यावे" असे म्हणून सोडून देऊ नये.

पूर्वतयारीला निम्मी मेहनत लागते. पालकांना आधी बोलावून त्यांच्याकडून काही गोष्टी लिहून घ्याव्यात: मूल पाणी आणि शौचालय कसे मागते, कोणता आवाज किंवा स्पर्श त्याला असह्य होतो, बिनसले की कशाने शांत होते, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे आणि सर्वांत आवडता विषय कोणता. फिट्स येतात का आणि कोणती औषधे चालू आहेत, हे स्पष्ट विचारावे, कारण स्वमग्नतेबरोबर अपस्मार आढळण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते. काही मुले अचानक निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. आवारात विहीर, हौद किंवा पोहण्याचा तलाव असेल तर तो कुलूपबंद असला पाहिजे. फाटकावर एक माणूस असा हवा, ज्याच्याकडे दुसरे कोणतेही काम दिलेले नाही. त्याखेरीज मुलांबरोबर राहणारे किमान ४ मदतनीस, म्हणजे ताई-दादा, हवेत.

शिबिराच्या आधी एक छोटी पुस्तिका घरी पाठवावी. तिच्यात शिबिराच्या दाराचे, सभागृहाचे, शौचालयाचे आणि प्रत्येक ताई-दादाचे छायाचित्र असावे, आणि खाली साध्या वाक्यांत काय घडणार आहे ते लिहिलेले असावे: "मी चपला बाहेर काढीन. नीता ताई मला माझी चटई दाखवेल. मला गोंगाट वाटला तर मी शांत कोपऱ्यात जाऊ शकतो." अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा छोट्या कथांची ('सोशल स्टोरीज') पद्धत रूढ केली. तिचा हेतू मुलाला वळण लावणे हा नसून त्याला पुढचे चित्र स्पष्ट दिसावे हा आहे, ही गोष्ट पुस्तिका लिहिताना विसरू नये. जमल्यास आदल्या दिवशी, सभागृह रिकामे असताना, मुलाला एकदा जागा दाखवून न्यावे.

आमच्या शिबिराच्या पहिल्या वर्षी आम्ही मुलांचे स्वागत टाळ्यांच्या गजरात केले. एक मुलगा दारातूनच कान झाकून मागे वळला आणि पुढचे तीन दिवस तो पायरीच्या आत आला नाही. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आमच्याकडे शिट्टी नाही, ध्वनिक्षेपक नाही, आणि शाबासकी देताना दोन्ही हात वर करून बोटे हलवतात. दिवसाचा क्रम भिंतीवर चित्रांच्या पट्टीने लावलेला असतो. एक काम संपले की एक मूल ते चित्र काढून डब्यात टाकते. कोपऱ्यात चटई, दोन उशा आणि पडदा असतो. तिथे जाणे ही शिक्षा नसते आणि बक्षीसही नसते. खेळ मध्येच थांबवायला मुलांचाच शब्द आहे: टॅम्प्लीज. ज्याला बोलता येत नाही तो तळहात वर करतो. "मला आता थांबायचे आहे" हे न रडता, न ढकलता सांगता येणे हे माझ्या मते शिबिरात शिकण्यासारखे पहिले सामाजिक कौशल्य आहे, आणि ते सांगितल्यावर मोठ्यांनी खरोखर थांबले पाहिजे.

आता उपक्रमांकडे वळू. सुरुवात भेळेपासून करावी. विस्तव लागत नाही, पदार्थ ओळखीचा असतो आणि शेवटी खायला मिळते. पाच मुलांचा गट गोल बसतो. एकाकडे कुरमुरे, दुसऱ्याकडे फरसाण, तिसऱ्याकडे आधीच चिरून ठेवलेला कांदा, चौथ्याकडे चिंच-खजुराची चटणी आणि पाचव्याकडे शेव. (फरसाणात शेंगदाणे असतात, म्हणून ॲलर्जीची यादी येथे पुन्हा पाहावी.) प्रत्येकापुढे स्वतःचा द्रोण असतो. नियम एकच: ज्याचा पदार्थ त्यानेच वाढायचा, दुसऱ्याच्या पातेल्यात कोणी हात घालायचा नाही. म्हणजे द्रोण भरायचा तर प्रत्येक मुलाला चौघांकडे मागावे लागते आणि चौघांना द्यावे लागते. एका भेळेत २० वेळा मागणे होते, आणि तेही कोणी शिकवणी घेतल्यासारखे न वाटता. बोलणाऱ्या मुलाने "कांदा दे" म्हणावे, न बोलणाऱ्याने चित्राचे कार्ड पुढे करावे किंवा टॅबलेटवर बोट ठेवावे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांतून बोलण्याचे ॲप मराठीतही आहे. कार्ड पुढे करणे हे बोलण्याइतकेच पूर्ण मागणे आहे, असे सर्व मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. ज्याला ओल्या, चिकट वस्तूंचा स्पर्श सहन होत नाही त्याला चटणी न देता कुरमुरे द्यावेत.

आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलाकडे शेव होती. तो बोलत नाही. प्रत्येकाच्या द्रोणात तो मोजून तीन चिमटी शेव टाकत होता, दोन नाहीत आणि चार नाहीत. एका मुलीला आणखी हवी होती. तिने दोनदा मागितली, त्याने पातेले छातीशी धरले. शेजारची ताई बोलायला पुढे झाली होती. मी तिला हाताने थांबवले. मुलीने जरा विचार करून एक बोट वर केले. त्याने त्या बोटाकडे पाहिले, चौथी चिमूट उचलली, ती काही क्षण तशीच द्रोणावर धरली आणि सोडली. मग ती मुलगी उठून गेली तरी तो तिच्या द्रोणाकडेच पाहत राहिला. घासाघीस म्हणतात ती हीच, आणि ताईने मध्ये पडून "अरे, दे ना तिला" म्हटले असते तर ती घडलीच नसती.

हा खेळ तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा घ्यावा, आणि रोज त्यात एकच बदल करावा. दुसऱ्या दिवशी चटणीचा चमचा मुद्दाम दुसऱ्या गटाकडे ठेवावा, म्हणजे तो मागायला उठून जावे लागते. तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्याने "गोड की तिखट?" असे विचारायचे आणि उत्तराप्रमाणे द्यायचे. दुसऱ्याची आवड माझ्या आवडीपेक्षा वेगळी असू शकते, हे अनेक मुलांना तिथे पहिल्यांदा हाताला लागते.

भेळेतील तत्त्व ठोकळ्यांच्या खेळात अधिक काटेकोरपणे वापरता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी लेगोच्या ठोकळ्यांवर आधारलेली गटपद्धत विकसित केली आणि २००४ मध्ये तिच्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात तिघांना तीन कामे असतात: नकाशा फक्त एकालाच दिसतो आणि तो सांगतो, दुसरा तुकडे शोधून देतो, तिसरा जोडतो. आम्ही त्यांना सांगणारा, देणारा आणि जोडणारा म्हणतो आणि गळ्यात तशी पाटी घालतो. महागड्या ठोकळ्यांची गरज नाही. रंगवलेल्या काड्यापेट्या किंवा लाकडी ठोकळे चालतात. सुरुवातीला १० ते १२ तुकड्यांचीच रचना द्यावी आणि दर १० मिनिटांनी पाट्या बदलाव्यात. एखादा तुकडा कमी पडला, जोडणाऱ्याने चुकीचा लावला, सांगणारा चिडला, की ताई-दादांनी उत्तर देऊ नये. "काहीतरी अडले आहे, तिघे मिळून बघा" एवढेच म्हणावे आणि हात पाठीमागे बांधून थांबावे. असे थांबणे मोठ्यांना फार जड जाते, म्हणून त्याचा सराव त्यांच्याकडून शिबिरापूर्वी करून घ्यावा.

मैदानी खेळांत लगोरी उत्तम, पण ती एकदम खेळू नये. पहिल्या दिवशी फक्त रचायची: सात मुले, सात चपट्या फरश्या, प्रत्येकीवर आकडा, सर्वांत मोठी खाली. आपला आकडा येईपर्यंत थांबायचे आणि आल्यावर ठेवायचे. पाळी म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसते. नंतर चेंडू घरंगळत सोडून लगोरी पाडायची. त्यानंतर एका गटाने मोठ्याने २० आकडे मोजेपर्यंत दुसऱ्याने रचायची. पळणाऱ्याला चेंडू मारण्याचा भाग शेवटच्या दिवसांत, कापडी चेंडूने, आणि ज्या मुलांना तो चालतो त्यांच्यापुरताच ठेवावा. हरल्यावर काय करायचे याचे चित्रकार्ड खेळाआधी दाखवावे, कारण हरल्यानंतर दाखवलेले काहीही कोणालाच ऐकू येत नाही. आंधळी कोशिंबीर आणि संगीतखुर्ची हे खेळ घेऊ नयेत.

मुलाच्या आवडत्या विषयाला पुष्कळदा 'वेड' म्हणून बाजूला सारले जाते. शिबिरात मात्र त्याच विषयावर एक खेळ उभा करावा. आमच्याकडे एका मुलीला मध्य रेल्वेची सगळी स्थानके क्रमाने पाठ होती. आम्ही खुर्च्यांची लोकल केली. ती उद्‌घोषणा करायची, एक मुलगा तिकिटे फाडायचा, बाकीचे आपापल्या स्थानकावर उतरायचे. घाटकोपर, भांडुप असे होत गाडी मुलुंडला आली आणि एक मुलगा ओरडला, "नाहूर राहिले!" ती शांतपणे म्हणाली, "जलद लोकल नाहूरला थांबत नाही." तो नाहूरचे तिकीट घेऊन बसला होता. पाच मिनिटे गाडी जागची हलली नाही. शेवटी ठरले की उद्याची गाडी धीमी असेल, आणि दुसऱ्या दिवशी तिने आल्या आल्या त्याला शोधून तेच सांगितले. ज्या मुलीने आपणहून कोणाकडे जाऊन पहिले वाक्य बोललेले तिच्या आईने कधी पाहिले नव्हते, तिने ते बोलले, कारण तिच्याकडे त्याला हवी असलेली खबर होती.

इतर पाच मुलांची तयारी करणे तितकेच आवश्यक आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातील न समजणे दोन्ही बाजूंचे असते. केवळ एका बाजूला समज कमी आहे असे नाही. मुलांना हे सोप्या शब्दांत कळते. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: आधी नाव घ्या, मग एकच गोष्ट विचारा, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत पुन्हा विचारू नका. हा तिसरा नियम पाळला गेला की उत्तरे येऊ लागतात. "तो हात का हलवतो?" असे कोणी विचारले तर दबक्या आवाजात गप्प करू नये, "त्याला आनंद झाला की किंवा गोंगाट झाला की तो तसे करतो, तू पाय हलवतोस तसे" असे सरळ सांगावे.

काही गोष्टी निक्षून टाळाव्यात. डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची सक्ती करू नये. खूप मुलांना डोळ्यांकडे बघणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच वेळी जमत नाहीत. हात हलवणे, डोलणे बंद पाडू नये. पाहुण्यांना मिठी मारायला, पाया पडायला लावू नये. नकार देता येणे हे या मुलांच्या सुरक्षिततेसाठी फार मोलाचे आहे. समारोपाला रंगमंचावर नाच बसवण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. त्याऐवजी शेवटच्या दिवशी भेळेची गाडी लावावी, आणि पालकांनी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहून मुलांकडे भेळ मागावी.

नोंद ठेवताना 'सहभाग चांगला' असे मोघम लिहिण्याचा उपयोग नाही. रोज प्रत्येक मुलासाठी तीनच आकडे लिहावेत: कोणी न सुचवता किती वेळा मागितले, किती वेळा दुसऱ्याला दिले किंवा सांगितले, आणि किती वेळा टॅम्प्लीज घेतली. टॅम्प्लीजचा आकडा वाढला तर घाबरू नये; ढकलणे आणि रडणे त्याच वेळी कमी झाले आहे का ते पाहावे. हा कागद पालकांनी जूनमध्ये वर्गशिक्षकांना दाखवावा, म्हणजे शाळेतही कार्ड आणि दहा आकड्यांचा नियम चालू राहील. आणि समारोपाच्या दिवशी, कोणते मूल कोणाच्या शेजारी बसते हे दहा दिवस पाहून झालेले असते, तेव्हा त्या दोन घरांची गाठ घालून द्यावी आणि शाळा सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी, त्याच सात फरश्या घेऊन, त्यांनी कुठे आणि किती वाजता भेटायचे ते तिथल्या तिथे ठरवून घ्यावे.