जबड्याच्या सांध्यावर संशोधन करायचंय? सुरुवात मुंडीपासून करा

इंटर्नशिपला असताना मालवणकडच्या एका आईने आठ वर्षांच्या मुलाला पुढे केलं. "डॉक्टर, ह्येचा तोंडच उघडणा नाय." दोन वर्षांपूर्वी जांभ्याच्या पायरीवर हनुवटी आपटली होती, आता कानापुढचा सांधा हाडाने पार धरला होता. अशा मुलांना बहुधा त्यांच्याच बरगडीचा तुकडा बसवतात. तो कधी पुरेसा वाढत नाही, कधी नको इतका वाढतो. दात्याची ऊती चालेल का, या प्रश्नापायी मी प्राण्यांवरच्या संशोधनात आले.

या वाटेला येणाऱ्यांनी आधी खाटकाकडे जावं. सांगून ठेवलं की मुंडी न फोडता मिळते. कानापुढे बोट ठेवून जबडा हलवा, सांधा सापडतो. मग सावकाश सोडवत जा. आतली चकती चिवट, तंतुमय, मधे पातळ असते. त्या पातळ भागात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती फाटली की आपसूक भरत नाही. कूर्चेत रक्त पोचत नसल्यामुळेही परक्या कूर्चापेशी शरीर तुलनेने सहज खपवून घेतं. 2018 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दुसऱ्या डुकराच्या बरगडीच्या कूर्चेतल्या पेशींपासून वाढवलेली ऊती युकातान मिनीपिग या लहान जातीच्या डुकराच्या चकतीत मुद्दाम केलेल्या जखमेत बसवली, आणि 8 आठवड्यांत जखम भरून आली. डुक्कर आपल्यासारखंच सगळं खातं, सांधाही जवळचा. बकरीचा जबडा आडवा फिरतो, हे निष्कर्ष काढताना विसरू नका.

मोठ्या जनावरांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या समितीनंतर सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीचीही मंजुरी लागते. अर्ज लवकर करा.

माझी मोठी चूक फ्रीजरची. मिरगाच्या पहिल्या पावसात रात्री लाइट गेली. जनरेटर होता, पण उणे 80 चा फ्रीजर त्या लाइनवर आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. सकाळी डब्यांवरचं बर्फ सुटलेलं, लेबलांची शाई पसरलेली. दात्या बकऱ्यांच्या अकरा चकत्या टाकाव्या लागल्या. त्या जनावरांचा जीव फुकट गेला, हे अजून सलतं. कोकणात काम करणार असाल तर मे महिन्यातच लाइन तपासून घ्या.

बकरीच्या सांध्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर टाके, स्कॅन सगळं छान दिसतं, पण खरं कळतं गोठ्यात. आमची करडी बकरी आधी फणसाची पानं नुसती हुंगून सोडायची. पशुवैद्यांना सांगून वेदनाशामक वाढवून घेतलं, पाला बारीक कापून दिला. पंधराव्या दिवशी ती शस्त्रक्रिया केलेल्या बाजूनेही रवंथ करू लागली. मी वहीत वेळ लिहिली: सकाळी 7 वाजून 10 मिनिटं.