कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला ट्रान्सफर करायचंय? मग पहिल्याच सेमिस्टरला हे करा

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजला) असाल आणि पुढे यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला जायचं असेल तर कोर्स निवडायच्या आधीच असिस्ट डॉट ऑर्ग ही कोर्सच्या जोड्या दाखवणारी वेबसाइट उघडा, तुमचं कॉलेज, हवं ते यूसी कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) टाका. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स दिसतो, उजवीकडे त्याच्या जोडीचा तुमच्या कॉलेजातला, आणि जिथे जोडीचा कोर्सच नसेल तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, मग तो कोर्स जवळच्या दुसऱ्या कॉलेजात मिळतो का ते काउन्सेलरला विचारा. हे दोन-तीन कॅम्पससाठी करा बरं का, कारण एकाच मेजरला प्रत्येक ठिकाणी वेगळं मागतात.

दुसरं म्हणजे टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर ॲडमिशनची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या ६ कॅम्पसना आहे, पण एकाच ठिकाणी भरता येतो आणि तोही सप्टेंबरमध्ये, शिवाय काही मेजरना लागू नसतो. बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिस) आणि सॅन डिएगोला टॅग नाहीच, तिथे जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि मेजरचे कोर्सेस यांना खूप महत्त्व असतं, त्यामुळे कॅल्क्युलससारखे विषय शेवटच्या सेमिस्टरवर ढकलू नका प्लीज. आणि टॅग भरला तरी मुख्य ॲप्लिकेशन वेगळं भरावंच लागतं!