बाळाचं जन्माचं वजन बघून लठ्ठपणाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडं बाळ बघायला गेलं की पाळण्याजवळ पहिला प्रश्न ठरलेला, वजन किती भरलं? साडेतीन किलो म्हटलं की सगळे खूश, अडीच म्हटलं की आजीचा चेहरा पडतो.

पहिली चूक हीच. काट्यावर चरबी किती आणि मांस किती ते कळत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमनं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली, आपली सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५, आपल्या बाळांचे दंड-पोट बारीक पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. म्हणजे बारीक बाळाला पुढं लठ्ठपणाचा धोका नाही असं धरून चालू नका.

सगळ्यात जास्त नुकसान पुढच्या चुकीनं होतं. बाळ बारीक आहे, लवकर बाळसं धरू दे म्हणून आईचं दूध पुरत असताना वरून पावडरचं दूध, सहा महिने व्हायच्या आत बिस्किट कुस्करून, वर मध चाटवायचा. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, बोट्युलिझमची, म्हणजे जंतूंमुळं होणाऱ्या गंभीर विषबाधेची भीती असते. जन्मतः बारीक आणि मग झपाट्यानं चढलेलं वजन, हीच जोडी पुढं लठ्ठपणाकडं आणि शुगरकडं नेते. (कमी दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं, तिथं डॉक्टर सांगतील तेच.)

तिसरी, बाळ पुढं लठ्ठ होईल का ते कळेल म्हणून नाळेच्या रक्ताच्या टेस्टमागं धावणं. २०११ मध्ये साउथॅम्प्टनच्या संशोधकांना नाळेतल्या डीएनएवर आरएक्सआरए जीनजवळ काही रासायनिक खुणा सापडल्या, त्यांचा नऊ वर्षांच्या मुलांच्या चरबीशी संबंध लागला, नाळेच्या रक्तातल्या लेप्टिनवरही (चरबीतून येणारं, भुकेवर ताबा ठेवणारं हार्मोन) बराच अभ्यास झालाय. पण हे शेकडो मुलांच्या आकड्यांतून दिसतं, तुमच्या एका बाळाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही, त्यापायी पैसे घालू नका.

त्यापेक्षा गरोदरपणातली शुगर बघा! २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० किंवा वर आली तर डिलिव्हरी झाली म्हणून विषय सोडू नका. म्हैसूरच्या अभ्यासात गरोदरपणी मधुमेह झालेल्या आयांच्या मुलींच्या अंगात पाचव्या वर्षी चरबी जास्त दिसली.

आता कार्डावरची वजनाची रेघ एकदम वर चढली तर? आधी अंगणवाडीत कपडे काढून पुन्हा वजन करा, झबलं, टोपी, दुपटं सगळं बाजूला, आणि लांबीही मोजून घ्या कारण लांबीही तशीच वाढत असेल तर गोष्ट वेगळी. बाटली चालू असेल तर पावडरचा चमचा शिगोशीग भरताय का बघा, डब्यातल्याच चमच्यानं सपाट करून घ्यायचा. बाळ रडलं की दरवेळी भुकेनंच रडतंय असं नाही, लंगोट ओला असेल, झोप आली असेल. दूध पातळ करून मात्र देऊ नका, उपाशीही ठेवू नका, कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं जा.